शिनचॅनचा पिक्चर चीनमध्ये का अडकला आणि बीटीएसला मिलिटरीत का जावं लागलं?

२८ नोव्हेंबर २०२५. शांघायमध्ये ॲनिमे फॅन्सचा एक फेस्टिव्हल सुरू होता. ‘वन पीस’च्या गाण्यामुळे फेमस झालेली जपानी गायिका माकी ओत्सुकी स्टेजवर होती. गाणं अर्ध्यात आलं आणि अचानक लाइट गेले, म्युझिक बंद पडलं. काय चाललंय हे तिला कळायच्या आत स्टाफने तिला स्टेजवरून खाली नेलं.

दुसऱ्या दिवशी त्याच शहरात आयुमी हामासाकी या जपानी पॉप स्टारचा शो होता. तो ऐनवेळी रद्द झाला. स्टेज उभं होतं, डान्सर आलेले होते, म्हणून तिने १४ हजार रिकाम्या खुर्च्यांसमोर अख्खा शो केला.

त्याच्या काही दिवस आधी शिनचॅनच्या नव्या पिक्चरचं चीनमधलं रिलीज पुढे ढकललं गेलं होतं. गंमत म्हणजे या पिक्चरची गोष्ट भारतात घडते.

यातल्या कुणीही चीनबद्दल एक शब्द काढला नव्हता. बोलल्या होत्या जपानच्या पंतप्रधान साने ताकाइची. चीनने तैवानवर हल्ला केला, तर ती जपानच्या अस्तित्वाला धोका निर्माण करणारी परिस्थिती ठरू शकते, असं त्यांनी ७ नोव्हेंबरला संसदेत सांगितलं. जपानी कायद्यात या शब्दांना वजन आहे, कारण अशा परिस्थितीत जपान सैन्य वापरू शकतो. चीन भडकला आणि त्याचा फटका गाण्यांना आणि कार्टूनला बसला.

आपल्या फीडमध्ये के-ड्रामा, ॲनिमे आणि सी-ड्रामा एकामागोमाग एक येतात, त्यामुळे सगळं एकाच गावचं वाटतं. पण हे तीन देश आपल्या कलाकारांशी वेगवेगळं वागतात. चीनमध्ये सरकार थेट गेटवर उभं आहे. जपानमध्ये सरकारपेक्षा कंपन्या आणि मीडिया ठरवतात की कशावर बोलायचं आणि कशावर नाही. कोरियात सरकारने आधी गाणी बंद केली, मग त्याच धंद्यात पैसे ओतले आणि नंतर गुपचूप कलाकारांची काळी यादीही बनवली. गेटवरून सुरुवात करू.

चीनमध्ये भूत का दिसत नाही?

१९७०च्या दशकाच्या शेवटी चीनमध्ये एक जोक फिरायचा. दिवसा देंगचं ऐकायचं आणि रात्रीही देंगचंच ऐकायचं. दिवसाचे देंग म्हणजे देशाचे नेते देंग शियाओपिंग आणि रात्रीची देंग म्हणजे तैवानची गायिका देंग लिजुन, जगाला माहीत असलेली टेरेसा तेंग. तिची प्रेमगीतं सरकारी भाषेत ‘बिघडलेली’ होती, त्यामुळे लोक कॅसेटवर कॉपी करून चोरून ऐकायचे. माओच्या काळात अनेक वर्षं फक्त क्रांतीची गाणी ऐकलेल्या लोकांना कुणीतरी ‘तू आणि मी’ म्हणतंय, याचंच अप्रूप होतं. १९८९ मध्ये तिने हाँगकाँगमध्ये तियानमेनच्या विद्यार्थ्यांच्या बाजूने झालेल्या कार्यक्रमात गाणं म्हटलं. १९९५ मध्ये तिचं निधन झालं, पण चीनच्या मुख्य भूमीवर तिचा शो कधीच झाला नाही.

आता कॅसेट गेली, परवानगी राहिली. चीनमध्ये पिक्चरला आपल्यासारखं ‘यू’ किंवा ‘ए’ सर्टिफिकेट नसतं. वयानुसार वर्गवारीच नाही. म्हणजे जो पिक्चर लागेल, तो आठ वर्षांच्या पोरापासून आजोबांपर्यंत सगळ्यांना चालला पाहिजे. २०१८ पासून पिक्चरचा कारभार थेट कम्युनिस्ट पक्षाच्या प्रचार विभागाकडे आहे. परदेशी पिक्चरला कोटा आहे. कमाईत वाटा मिळणाऱ्या सिस्टिममध्ये २०१२च्या करारानुसार वर्षाला ३४ पिक्चर.

नियमांमध्ये ‘अंधश्रद्धा पसरवणं’ हा गुन्हा धरला जातो. त्यामुळे चिनी हॉरर पिक्चरच्या शेवटी बऱ्याचदा कळतं, की भूत नव्हतंच, हिरोला भास होत होता. २०११ मध्ये भूतकाळात जाणाऱ्या सिरियल्सवरही सरकारी टीका झाली, कारण त्या इतिहासाशी खेळतात. चिनी नेटकऱ्यांनी यावर जोक बनवला: १९४९ नंतर कुठल्याही प्राण्याला आत्मा किंवा राक्षस बनायला परवानगी नाही. आता सी-ड्रामामध्ये इतक्या अमर देवता, तलवारी आणि हजार वर्षांची प्रेमप्रकरणं का असतात, याचं थोडं उत्तर इथे सापडतं. काल्पनिक प्राचीन काळात बरंच काही खपून जातं. आजच्या बीजिंगमधला पोलीस लाच घेताना दाखवणं अवघड.

आणि घेतलीच, तर तो पकडला गेला पाहिजे. २०२२ मध्ये ‘मिनियन्स’चा नवा पिक्चर चीनमध्ये लागला, तेव्हा शेवटी जास्तीची माहिती चिकटवलेली होती. ग्रूच्या चोर गुरूला २० वर्षांची शिक्षा झाली आणि ग्रू स्वतः सुधारून चांगला बाप झाला. लहान मुलांच्या कार्टूनमधला चोरसुद्धा सुटता कामा नये!

दूध गटारात आणि फॅन क्लब बंद

२०२१ हे वर्ष चिनी फॅन्स विसरणार नाहीत. एका आयडॉल शोमध्ये आवडत्या मुलाला जास्त मतं द्यायची, तर स्पॉन्सर कंपनीचं दूध विकत घेऊन झाकणातला क्यूआर कोड स्कॅन करावा लागायचा. फॅन्सनी दुधाच्या बाटल्यांचे ढीग विकत घेतले. कोड काढून झाल्यावर उरलेलं दूध गटारात ओतायला माणसं लावली. त्याचा व्हिडिओ व्हायरल झाला. फायनल तोंडावर आलेली असताना मे महिन्यात शो बंद पडला.

हे प्रकरण खरंच वाईट होतं आणि सरकारने यात हात घातला याचं अनेक पालकांनी स्वागतही केलं. पण हात तिथेच थांबला नाही. ऑगस्टमध्ये सेलिब्रिटींच्या ऑनलाइन रँकिंग बंद झाल्या. १८ वर्षांखालच्या मुलांना ऑनलाइन गेमसाठी आठवड्यात तीनच तास ठरवून दिले. शुक्रवार, शनिवार, रविवार रात्री आठ ते नऊ. सप्टेंबरमध्ये आयडॉल निवडणारे शो बंद झाले आणि टीव्हीवर ‘बायकी’ दिसणारे पुरुष नकोत, असा सरकारी आदेश निघाला. गुळगुळीत चेहऱ्याचे, मेकअप केलेले हिरो बघून पोरं मऊ पडतील, ही भीती त्यामागे होती.

याचा सगळ्यात मोठा फटका दानमेईला बसला. दानमेई म्हणजे दोन पुरुषांमधल्या प्रेमाच्या कादंबऱ्या, ज्या लिहिणाऱ्या आणि वाचणाऱ्या बहुतेक मुलीच असतात. ‘द अनटेम्ड’ ही २०१९ची सुपरहिट सिरियल अशाच कादंबरीवरची. पडद्यावर मात्र ते प्रेम ‘जिवाभावाची मैत्री’ झालं. २०२१ नंतर ही पळवाटही बंद झाली. २०२५ मध्ये तर तैवानमधल्या वेबसाइटवर अशा कथा टाकणाऱ्या अनेक तरुण लेखिकांना लान्झोउ शहराच्या पोलिसांनी अश्लीलतेच्या कायद्याखाली ताब्यात घेतल्याच्या बातम्या आल्या. त्यातल्या काहींची कमाई अगदी किरकोळ होती. स्क्रीनवर कोण कुणाकडे कसं बघतं हा टाइमपासचा विषय वाटतो, पण तिथे त्यावर पोलीस केस होते.

कॉमेडियनही यातून सुटले नाहीत. २०२३ मध्ये एका स्टँडअप कलाकाराने खारीमागे धावणाऱ्या कुत्र्यांबद्दल बोलताना लष्कराची घोषणा वापरली. त्याच्या कंपनीला दंड आणि जप्ती मिळून सुमारे १ कोटी ४७ लाख युआनचा फटका बसला.

एवढं असूनही चिनी पॉप कल्चर निर्जीव आहे असं म्हणता येत नाही. २०२५ मध्ये आलेल्या ‘नेझा २’ने १५ अब्ज युआनच्या वर गल्ला जमवला आणि जगातला सगळ्यात जास्त कमावणारा ॲनिमेशनपट ठरला. नेझा हा बापाशी आणि देवांशी भांडणारा पुराणातला पोरगा. देवांच्या दरबारात किती खोटेपणा आहे, हे तो बिनधास्त दाखवतो. लोकांनी त्यात काय काय वाचलं असेल, याचा अंदाज लावायला हरकत नाही.

जपान: राक्षस सरळ बोलतो, माणसं गप्प बसतात

१ मार्च १९५४ला अमेरिकेने पॅसिफिक महासागरात बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. ‘फुकुर्यू मारू’ नावाची जपानी मासेमारी बोट त्या राखेत सापडली. बोटीवर २३ जण होते. रेडिओ ऑपरेटर सप्टेंबरमध्ये मरण पावला. ३ नोव्हेंबरला ‘गोजिरा’ रिलीज झाला, म्हणजे आपला गॉडझिला. पहिल्याच सीनमध्ये समुद्रात प्रखर प्रकाश होतो आणि एक बोट नष्ट होते. थिएटरमध्ये बसलेल्या प्रत्येकाला ती कुठली बोट हे कळत होतं. अमेरिकन ताबा संपून तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती. त्या ताब्याच्या काळात अणुबॉम्बबद्दल लिहिण्यावर सेन्सॉर होता. जे पेपरात छापता येत नव्हतं, ते रबरी सूट घातलेल्या माणसाने पडद्यावर केलं.

१९५६ मध्ये अमेरिकेत हा पिक्चर गेला तेव्हा त्यात एक अमेरिकन पत्रकार घुसवला गेला आणि अणुचाचण्यांवरची टीका पातळ झाली. पुढे २०११ची त्सुनामी आणि फुकुशिमा झालं, तेव्हा २०१६च्या ‘शिन गॉडझिला’मध्ये खरा व्हिलन होता मीटिंग. राक्षस शहर तुडवतोय आणि मंत्री-अधिकारी कुठल्या खोलीत कुठली बैठक घ्यायची यावर अडलेत. सरकारी ऑफिसात एका सहीसाठी थांबलेल्या कुणालाही तो पिक्चर समजेल.

जपानमध्ये सरकार पिक्चर पास-नापास करत बसत नाही, राज्यघटनेत सेन्सॉरला बंदी आहे. ॲनिमे बनवायला प्रकाशक, टीव्ही चॅनेल, खेळणी आणि म्युझिक कंपन्या एकत्र पैसे घालतात. सगळ्यांचं नुकसान वाटलं जातं, पण मग कुणालाच वाद नको असतो. चित्रं काढणाऱ्या ॲनिमेटरच्या हाती मात्र फार थोडे पैसे येतात. सरकारने २०१३ मध्ये ‘कूल जपान’ फंड काढून यात उतरायचा प्रयत्न केला. त्याचा एकूण तोटा तीन हजार कोटी येनच्या वर गेला. ॲनिमे मात्र जगभर पोहोचलं ते त्या फंडाशिवाय.

पण सेन्सॉर नाही म्हणजे सगळं बोललं जातं, असं नाही. जॉनी कितागावा हा जपानी बॉय बँडचा बादशहा. त्याच्या एजन्सीतली मुलं प्रत्येक चॅनेलवर असायची. तो त्याच मुलांचं लैंगिक शोषण करतो, हे एका साप्ताहिकाने १९९९ मध्येच लिहिलं होतं. कोर्टात केस गेली आणि २००४ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्या बातमीचा मुख्य भाग खरा धरणारा निकाल कायम ठेवला. तरी मोठे पेपर आणि चॅनेल गप्प. बातमी लावली तर उद्या एजन्सी आपल्या शोला स्टार देणार नाही, हा हिशोब. कितागावा २०१९ मध्ये वारला आणि त्याला सन्मानाने निरोप दिला गेला. २०२३ मध्ये बीबीसीची डॉक्युमेंटरी आली, पीडित पुढे आले, तेव्हा कुठे एजन्सीने कबुली दिली. चौकशी समितीने पीडितांची संख्या किमान काही शेकड्यांत असल्याचं म्हटलं आणि मीडियाच्या मौनावर बोट ठेवलं. इथे कुठल्याही मंत्र्याने फोन केला नव्हता. तशी गरजच पडली नाही.

कोरिया: एक पिक्चर म्हणजे १५ लाख गाड्या

आज ऐकून खोटं वाटेल, पण १९९८ पर्यंत दक्षिण कोरियात जपानी गाणी, पिक्चर आणि कॉमिक्सवर अधिकृत बंदी होती. जपानने १९१० ते १९४५ कोरियावर राज्य केलं, कोरियन भाषा दाबली, लोकांना जपानी नावं घ्यायला लावली. ती जखम होती.

स्वतःची गाणीही सुटली नव्हती. लष्करी हुकूमशहा पार्क चुंग-ही यांच्या काळात पोलीस रस्त्यावर मुलांचे लांब केस कापायचे आणि मुलींच्या स्कर्टची लांबी मोजायचे. १९७५ मध्ये गाण्यांवर घाऊक बंदी आली. रॉक संगीतकार शिन जुंग-ह्यॉनने राष्ट्राध्यक्षांची स्तुती करणारं गाणं बनवायला नकार दिला. नंतर गांजाच्या केसमध्ये तो तुरुंगात गेला आणि त्याचं करिअर अनेक वर्षं ठप्प झालं. हुकूमशाही १९८७च्या आंदोलनाने संपली, पण पिक्चर आणि गाणी आधी तपासायची पद्धत जायला १९९६ उजाडलं.

मधल्या काळात एक किस्सा घडला. १९९४ मध्ये राष्ट्राध्यक्षांसमोर एक रिपोर्ट आला, त्यात म्हटलं होतं की ‘जुरासिक पार्क’ने जेवढे कमावले तेवढ्यासाठी ह्युंदाईच्या १५ लाख गाड्या विकाव्या लागतील. गाड्या आणि जहाजं बनवून वर आलेल्या देशाच्या डोक्यात हे फिट बसलं. १९९७ मध्ये आर्थिक संकट आलं, आयएमएफकडे हात पसरावे लागले, कंपन्या बुडाल्या. १९९८ मध्ये राष्ट्राध्यक्ष झालेल्या किम दे-जुंग यांनी संस्कृती हा उद्योग मानून त्यात पैसे घातले. पैसे द्यायचे, पण ढवळाढवळ करायची नाही, हे त्यांचं धोरण. जपानी गाण्यांवरची बंदी टप्प्याटप्प्याने उठवायला सुरुवात त्यांनीच केली. हे किम स्वतः हुकूमशाहीत फाशीची शिक्षा झालेले विरोधी नेते होते, हे इथे विसरून चालणार नाही.

पैसे देणाऱ्याला मग यादी बनवायचा मोहही होतो. २०१६ मध्ये उघड झालं की पार्क ग्युन-हे यांच्या सरकारकडे साडेनऊ हजारांच्या आसपास कलाकारांची काळी यादी आहे. (पार्क ग्युन-हे या त्याच हुकूमशहाच्या कन्या.) २०१४ मध्ये सेवॉल बोट बुडून ३०४ माणसं गेली, त्यात बहुतेक शाळकरी मुलं. सरकारला त्याचा जाब विचारणारे अनेक जण यादीत होते. अशा लोकांना अनुदान द्यायचं नाही, असा कारभार होता. यादीत सापडलेल्या नावांमध्ये दिग्दर्शक बोंग जून-हो होते, अभिनेता साँग कांग-हो होता, लेखिका हान कांग होत्या. पहिल्या दोघांच्या ‘पॅरासाइट’ने २०२० मध्ये चार ऑस्कर जिंकले आणि हान कांग यांना २०२४ मध्ये साहित्याचं नोबेल मिळालं.

‘पॅरासाइट’मधली ती अर्धी जमिनीखालची खोली आठवते? तिला बान्जिहा म्हणतात आणि ती राजकारणातूनच जन्मली. १९६८ मध्ये उत्तर कोरियाचे कमांडो राष्ट्राध्यक्षांना मारायला थेट सोलपर्यंत आले होते. त्यानंतर १९७० मध्ये सरकारने नव्या इमारतींना तळघर सक्तीचं केलं, युद्ध झालं तर लपायला. तिथे भाडेकरू ठेवणं आधी बेकायदा होतं. १९८०च्या दशकात सोलमध्ये घरं मिळेनात, तेव्हा ते कायदेशीर झालं. बंकर गरिबांचं घर झालं. ऑगस्ट २०२२ मध्ये सोलमध्ये ढगफुटीसारखा पाऊस झाला आणि अशाच एका खोलीत एका कुटुंबातले तिघे बुडून मेले. पिक्चरमधला पुराचा सीन आधीच जगाने पाहिला होता.

‘स्क्विड गेम’चंही तसंच. हिरो गी-हुन कार कंपनीतून काढलेला कामगार आहे. दिग्दर्शक ह्वांग डाँग-ह्योक यांनी सांगितलंय की ते पात्र सांगयाँग मोटरच्या २००९च्या संपावरून आलं. प्योंगटेकच्या प्लांटमध्ये कामगार ७७ दिवस बसून होते आणि शेवटी पोलीस कमांडो छतावर उतरले. हीच सांगयाँग २०११ मध्ये आपल्या मुंबईच्या महिंद्राने घेतली. २०१८ मध्ये राष्ट्राध्यक्ष मून जे-इन दिल्लीत आले, तेव्हा त्यांनी आनंद महिंद्रांकडे या कामगारांचा विषय काढला. त्याच वर्षी उरलेल्या कामगारांना परत घेण्याचा करार झाला.

मग बीटीएस?

उत्तर कोरियाशी १९५३ मध्ये फक्त युद्धबंदी झाली, शांतता करार आजही नाही. म्हणून प्रत्येक धडधाकट पुरुषाला मिलिटरी सक्तीची. सूट मिळते ती ऑलिम्पिक पदक, एशियाडचं गोल्ड किंवा शास्त्रीय संगीत-नृत्याच्या ठरावीक स्पर्धा जिंकणाऱ्यांना. फुटबॉलपटू सन ह्युंग-मिन २०१८च्या एशियाड गोल्डमुळे सुटला. हा नियम १९७३चा, म्हणजे हुकूमशहा पार्क यांच्याच काळातला. पॉप गाणं तेव्हा देशाची शान वाढवणारी गोष्ट नव्हतीच, ते केस कापायचं प्रकरण होतं. २०२० मध्ये कायदा बदलून बीटीएसला वयाच्या ३० पर्यंत मुदत मिळाली, सूट नाही. कारण तिथल्या २० वर्षांच्या पोराला नोकरी-घराची मारामार असताना श्रीमंत स्टार सुटला, हे पचत नाही. जिन डिसेंबर २०२२ मध्ये भरती झाला आणि जून २०२५ पर्यंत सातही जण सेवा संपवून बाहेर आले.

याचा दुसरा चेहरा म्हणजे चोउ त्झूयू. ती ‘ट्वाइस’ या कोरियन ग्रुपमधली तैवानची मुलगी, १६ वर्षांची. एका शोमध्ये तिच्या हातात तैवानचा झेंडा दिसला म्हणून चीनमध्ये बहिष्काराची भाषा सुरू झाली. १५ जानेवारी २०१६ला, तैवानच्या निवडणुकीच्या आदल्या रात्री, कंपनीने तिचा व्हिडिओ टाकला. हातात कागद, मान खाली, ती माफी मागत होती. पुढे त्याच वर्षी कोरियाने अमेरिकेची क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा बसवायचं ठरवलं आणि चीनमध्ये कोरियन स्टार्सचे शो धडाधड बंद झाले. अशी बंदी असल्याचं चीनने कधीच मान्य केलं नाही.

३ डिसेंबर २०२४च्या रात्री राष्ट्राध्यक्ष यून सुक-योल यांनी मार्शल लॉ लावला. खासदार कुंपणावरून उड्या मारून संसदेत पोहोचले आणि १९० विरुद्ध ० मतांनी तो फेटाळला. पुढचे कित्येक दिवस थंडीत संसदेसमोर गर्दी होती आणि त्या गर्दीच्या हातात होत्या के-पॉप लाइटस्टिक. २०१६च्या आंदोलनात एक खासदार म्हणाला होता की मेणबत्त्या वारा आला की विझतात. त्यावर लोकांनी बॅटरीवरचे दिवे आणले होते. या वेळी विशीतल्या मुलींनी घरातून सगळ्यात जास्त चमकणारी वस्तू उचलली. यून २०२२ मध्ये स्त्रीवादावर चिडलेल्या तरुण पुरुषांच्या मतांवर निवडून आले होते, महिला मंत्रालय बंद करू असं त्यांचं आश्वासन होतं. आता समोर या मुली ‘गर्ल्स जनरेशन’चं २००७चं ‘इनटू द न्यू वर्ल्ड’ म्हणत उभ्या होत्या. २०१६ मध्ये इव्हा महिला विद्यापीठात पोलिसांसमोर विद्यार्थिनींनी हेच गाणं म्हटलं होतं.

गायिका आययूने आंदोलनात आलेल्या फॅन्ससाठी जवळच्या दुकानांमध्ये ब्रेड आणि ड्रिंक्सचे पैसे आधीच भरून ठेवले. यून समर्थक चिडले आणि तिला अमेरिकेचा व्हिसा मिळू नये म्हणून तिची तक्रार थेट सीआयएच्या वेबसाइटवर करू लागले. वर त्याचे स्क्रीनशॉटही टाकले. ४ एप्रिल २०२५ला घटनात्मक न्यायालयाने यून यांना पदावरून काढलं.